परतीची तारीख

आमच्या घरात पुस्तकांचं कपाट आलं ते माझ्या वडिलांच्या काळात. त्याआधी वाचन भरपूर होतं, पुस्तकं मात्र नव्हती. म्हणजे असायची, पण आमची नसायची. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतून ती यायची, देवघराशेजारच्या कोनाड्यात थोडे दिवस मुक्काम करायची आणि परत जायची. बडोद्यातल्या अनेक मराठी घरांची हीच तऱ्हा. पुण्याचे पाहुणे दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात आले की भिंतींवरून नजर फिरवून म्हणत, "तुमच्याकडे पुस्तकं काही दिसत नाहीत." आजी त्यावर काही बोलत नसे. जेवणं उरकली की सुपारी कातरता कातरता ती हरिभाऊ आपट्यांच्या यमूविषयी अशी बोलायला लागे, जणू यमू मागच्याच पोळात नांदते आहे आणि आज सकाळी सासू तिला काहीतरी लागट बोलली आहे. पाहुण्यांच्या घरी हरिभाऊ कापडी बांधणीत होते. यमूची खबरबात मात्र आमच्याकडे असायची.

आजीच्या तोंडचा बडोद्याचा इतिहास पिलाजी-दमाजींपासून सुरू होत नसे. तो सुरू व्हायचा नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यातून. १८७५ साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं, तो भाग ती घाईनं उरकायची. कारण त्यात रेसिडेंट फेअरसाहेबाच्या पपनसाच्या सरबतात विष आणि हिऱ्याची पूड घातल्याचं प्रकरण होतं, आणि आम्हां मुलांना नेमकं तेच ऐकायचं असायचं. "हिरे काय कुटून टाकायला असतात?" एवढं बोलून ती पुढं सरकायची. मग जमनाबाईसाहेबांनी दत्तकासाठी भाऊबंदांतली मुलं पाहायला बोलावली, त्यांतल्या गोपाळला विचारलं, कशासाठी आलास, आणि तो म्हणाला, राज्य करायला. ही गोष्ट बडोद्यात वाढलेल्या प्रत्येकानं शंभरदा ऐकलेली असते. इतकी गोळीबंद गोष्ट घडली तशीच सांगितली गेली असेल, यावर माझा फारसा विश्वास नाही. पण आजीचा भर त्या उत्तरावर नसायचाच. "बारा वर्षांचे झाले होते महाराज, आणि ‘श्री’ काढता येत नव्हता," हे ती हळू आवाजात सांगायची, राजघराण्यातलं गुपित असल्यासारखं. हा भाग खरा आहे. मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागलेला तो मुलगा पुढं सयाजीराव झाला, इलियटसाहेबाच्या हाताखाली शिकला, १८८१ साली कारभार हातात आला, आणि त्यानंतर आयुष्यभर लोकांच्या मागं ‘शिका, वाचा’ म्हणून लागला.

१८९३ साली अमरेली भागात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झालं, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात. पण सक्तीनं शिकवलेली अक्षरं टिकवायची कशी? पोरगं चार इयत्ता शिकून पुन्हा नांगराशी गेलं, की गावात छापलेला कागद म्हणून त्याच्या हाती काय यायचं? तलाठ्याची पावती. सयाजीरावांनी अमेरिकेच्या प्रवासात गावोगावची सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. १९१० साली त्यांनी न्यू हेवनहून विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथपालालाच बडोद्याला आणलं आणि संस्थानात ग्रंथालयांचं स्वतंत्र खातं उघडलं. मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात व्हावी म्हणून राजवाड्यातला आपला सुमारे २० हजार पुस्तकांचा संग्रह देऊन टाकला. गावांसाठी योजना साधी होती: जेवढी वर्गणी गाव जमवेल तेवढीच रक्कम पंचायतीनं घालायची आणि तेवढीच सरकारनं. ज्या गावाला तेवढंही जमत नसे, त्याच्यासाठी फिरत्या पेट्या.

बोर्डनसाहेबाचं आजीच्या गोष्टींत मोठं स्थान होतं. संखेड्याला तिच्या वडिलांच्या ओसरीवर तो आला, ती वाचत बसली होती, त्यानं डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, बेबी, काय वाचतेस? ही गोष्ट तिनं आम्हां सगळ्या नातवंडांना सांगितली, आमच्यातल्या कुणी अभ्यास टाळला तर जास्तच रंगवून सांगितली. अडचण एवढीच की बोर्डन १९१३ साली अमेरिकेला परत गेला, आणि आजीचा जन्म त्याच्या नंतरचा. माझ्या काकांनी एकदा जेवताना हा हिशेब काढला तेव्हा आजी शांतपणे म्हणाली, "मग दुसरा कुणी साहेब असेल. हात तर ठेवला." मला वाटतं ते न्यूटन मोहन दत्त असावेत. बोर्डननंतर बरीच वर्षं ते काम त्यांनी पाहिलं. नावात न्यूटनही आणि मोहनही. दहा वर्षांच्या मुलीला पुढं त्यातला साहेब तेवढा आठवला, तर त्यात नवल काय? किंवा आला असेल तो नुसता तपासनीस. घरात यावर पुन्हा चर्चा झाली नाही. आजही आमच्याकडे लग्नकार्यात जमलं की बोर्डनसाहेब संखेड्याला येऊन जातोच.

संखेडा म्हटलं की लोकांना लाखेच्या रंगातलं फर्निचर आठवतं. तांबडा-सोनेरी झोपाळा, पाळणा, नवरीला द्यायचा पाट. आजीचे वडील तिथल्या वहिवाटदार कचेरीत कारकून होते. गावात मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तीही सगळी नोकरीनिमित्त आलेली. पेटी यायची डभोईच्या छोट्या गाडीनं. डभोई ते मियागाम ही देशातली पहिली नॅरोगेज वाट, १८६२ सालची. सुरुवातीला तर तिचे डबे बैल ओढत. पुढं फाटा बहादरपूरपर्यंत आला. गाडी इतकी सावकाश, की आजीचा भाऊ चालत्या गाडीतून उतरून बोरं वेचून पुन्हा चढत असे. हे मी तिच्या शब्दांवर विसंबून लिहिते आहे. बहादरपूरला पेटी उतरायची, तिथून बैलगाडीनं संखेड्याला. लाकडी, कडीकुलपाची, आत पंधरा-वीस, कधी तीसही पुस्तकं. जाण्यायेण्याचं भाडं सरकारचं. दोन-तीन महिने पेटी गावात राहायची, मग ती पुढच्या गावी आणि आपल्याकडे दुसरी.

पेटी उघडायची तेव्हा सगळ्यात आधी वास यायचा, असं आजी सांगे. कापराचा, कारण वाळवीच्या भीतीनं आत कापडाच्या पुरचुंड्या ठेवलेल्या असत. पुस्तकं बहुतेक गुजराती. मराठी चार-सहा, आणि ती कोणती येतील याचा काही नेम नाही. त्यामुळे आजी दोन्ही भाषांत वाचू लागली. गोवर्धनराम त्रिपाठींचं ‘सरस्वतीचंद्र’ तिनं चारही भाग वाचलं होतं आणि हरिभाऊंचं ‘पण लक्षांत कोण घेतो’ही. दोन्हीकडे सुना रडतात. तिचं मत असं की दुःख यमूचं मोठं, पण कुमुदला निदान बसायला झोपाळा होता. हे टीकाकारांनी कुठं लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

पेटीतल्या पुस्तकांची अवस्था सारखी नसायची. नाथमाधवांचं ‘वीरधवल’ आलं ते शेवटची पानं गळालेलं. कुठल्या तरी गावी कुणीतरी ती फाडली होती किंवा शेळीनं खाल्ली होती. आजीनं मग शेवट स्वतः तयार केला, आणि तोच आम्हांला सांगितला. उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर रात्री रात्री ती कादंबरी चालायची. मी मोठी झाल्यावर पूर्ण प्रत मिळवून वाचली आणि शेवटाशी येऊन हिरमुसले. नाथमाधवांनी आजीइतका विचार केलेला नव्हता.

कधी पेटीबरोबर मॅजिक लँटर्नही यायचा. ग्रंथालय खात्याचीच ती एक शाखा होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांना निदान चित्रं तरी दिसावीत म्हणून. चौकात पांढरं धोतर ताणून त्यावर चित्रं दाखवत. एकदा धबधबा दिसला तेव्हा पुढं बसलेल्या बायका पदर सावरून मागं सरल्या.

लग्न होऊन आजी बडोद्याला आली ती मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररीची नवी इमारत उभी राहिली त्या सुमाराला. आजोबांचे वडील खानगी खात्यात, म्हणजे राजवाड्याच्या घरखर्चाच्या कचेरीत, लहानसे कारकून होते. घरात सासूचा, माईंचा, अंमल. माईंना अक्षरओळख नव्हती. नव्या सुनेनं दुपारी पुस्तक उघडलेलं त्यांना आवडेल, असं कुणालाच वाटलं नव्हतं, आणि आवडलं नाहीच. पण त्यांचा आक्षेप वेगळा निघाला. "तू एकटीच हसतेस. आम्ही काय पाप केलं?" मग ठरलं की वाचायचं ते मोठ्यानं. माई तांदूळ निवडत बसायच्या, शेजारच्या दोघी वाती वळायला यायच्या, आणि आजी वाचायची. पुढं हा घराचा कायदाच झाला. मनातल्या मनात वाचणं आमच्याकडे चोरून खाण्यासारखं मानलं जाई. माझे वडील बँकेतून आल्यावर वर्तमानपत्रसुद्धा मोठ्यानं वाचत, आणि आई आतून भाजी परतता परतता मधूनच "पुन्हा वाचा" म्हणे.

त्या इमारतीबद्दल आजीकडे एक खास गोष्ट होती. पुस्तकांच्या दालनांत अमेरिकेहून आणवलेल्या पोलादी मांडण्या, आणि मधल्या मजल्यांची जमीन जाड काचेची. लाकूड नको म्हणजे आगीची भीती नको, आणि वरचा उजेड खालपर्यंत झिरपतो. पण दांडिया बाजारातल्या बायकांत अशी वार्ता पसरली की वर उभं राहिलेलं माणूस खालून दिसतं. काच धुरकट आहे, तिच्यातून उजेडाशिवाय काही दिसत नाही, हे आजोबांनी दोनदा जाऊन, खाली उभं राहून, वर एका मित्राला उभं करून तपासलं आणि घरी येऊन सांगितलं. माईंचा विश्वास बसला नाही. शेवटी आजी जायला लागली ती बायकांसाठी असलेल्या वेगळ्या वाचनदालनात, आणि तिथं खुद्द महाराज एकदा साध्या वेषात येऊन गेले, असंही ती सांगायची. त्या वर्षांत महाराज बराच काळ युरोपात असत. असो. साध्या वेषातले राजे सगळ्याच संस्थानांच्या गोष्टींत फिरतात. आमच्याकडे ते वाचनालयात आले, एवढाच फरक.

पुस्तक परत जाणार, म्हणून आजीनं वही केली. खानगी खात्यातल्या बाद झालेल्या जमाखर्चाच्या कागदांची, पाठकोऱ्या पानांची. तीत पुस्तकाचं नाव, आणल्याची तारीख, परतीची तारीख आणि एखाद-दोन ओळी. ‘स्मृतिचित्रे’च्या पहिल्या भागापुढं लिहिलंय: हसून पुरेवाट, माईंना दोनदा. पुढं काही पानांवर: दुसरा भाग आला का विचारलं, नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं ते आत्मचरित्र भागाभागानं बाहेर पडत होतं, आणि बडोद्यातल्या या बाईचा जीव भागाभागानं टांगणीला लागत होता. ‘गृहिणीमित्र’ या लक्ष्मीबाई धुरंधरांच्या पाककृतींच्या पुस्तकातले तेवीस पदार्थ उतरवून घेतलेले आहेत. त्यांतल्या मासळीच्या पदार्थांवर माईंच्या धाकानं काट मारली आहे, पण अशी हलकी, की सगळं वाचता यावं. एके ठिकाणी नुसतं: दंड एक आणा. खाली: माझ्यामुळे नाही.

आजोबांचा एक वेगळा रकाना आहे, त्यात सगळा इतिहास. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याचेच म्हणायचे. १८८९ साली ते सयाजीरावांच्या नोकरीत आले, महाराजांना वाचून दाखवायचं हेच त्यांचं आरंभीचं मुख्य काम. पुढं राजपुत्रांना शिकवायला मिळाले. शिकवण्यासाठी जी टिपणं काढली, त्यांतून रियासती उभ्या राहिल्या, आणि नोकरी संपल्यावर ते कामशेतला जाऊन आणखी पस्तीसेक वर्षं लिहीतच राहिले. आजोबांनी त्यांना रस्त्यानं जाताना पाहिलं होतं. त्यांच्या लेखी ही गोष्ट महाराजांच्या दर्शनापेक्षा मोठी. पण मराठी रियासतीचे खंड लायब्ररीतून ओळीनं कधी मिळाले नाहीत. जो शिल्लक असेल तो आणायचा. त्यामुळे आजोबांच्या इतिहासात पानिपत आधी झालं आणि शिवाजी महाराज नंतर जन्मले. याचा परिणाम त्यांच्या बोलण्यावर कायमचा झाला. शिवाजी महाराजांविषयी बोलताना त्यांच्या आवाजात, पुढं काय होणार हे आधीच कळलेल्या माणसाची घालमेल असायची. शाळेत ओळीनं इतिहास शिकलेल्या आम्हांला ती कधी जमली नाही.

आणि चिं. वि. जोशी. बडोदा कॉलेजात ते पाली शिकवत, पुढं संस्थानच्या दफ्तराचं काम पाहत. बाहेरच्या जगाला त्यांच्या कथांतले चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुण्याचे वाटतात. आमच्या वाड्यात मात्र प्रत्येक बिऱ्हाडाची खात्री होती की चिमणराव समोरच्याच घरावरून बेतलेला आहे. समोरच्या घराला तो आमच्यावरून बेतल्याचा संशय. माझे पणजोबा एकदा राजवाड्याच्या तांदळाच्या हिशेबात दोन शेरांची तूट काढता काढता तीन दिवस घरी जेवायला आले नाहीत आणि चौथ्या दिवशी तूट मूळ बेरजेतच नव्हती असं निघालं. हे ऐकून कुणीही म्हणेल, चिं. विं.नी हे ऐकलं असणार. सत्तरच्या दशकाअखेर मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी चिमणराव उभा केला, तेव्हा दादरच्या मावशीनं पत्रातून एकेक भाग कळवला. बडोद्याला तो दिसत नसे. आम्ही मालिकाही वाचूनच पाहिली.

हे सगळं सांगताना बडोदा फार गोड होऊ लागतं, आणि मला तिथं थांबावंसं वाटतं. आजीच्या गोष्टींत एक गोष्ट नव्हती. ती मला कॉलेजात असताना छापील पानावर भेटली, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या बाबासाहेब आंबेडकरांच्या छोट्याशा आत्मकथनात. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेला गेले होते. कराराप्रमाणे संस्थानची नोकरी करायला १९१७ मध्ये परत आले. स्टेशनवर उतरले तेव्हा प्रश्न एकच होता, राहायचं कुठं. हिंदू हॉटेलात अस्पृश्याला जागा मिळणार नाही हे ठाऊक होतं. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव घेऊन, दिवसाला दीड रुपया भाड्यानं, ते राहिले. वरचा मजला, आजूबाजूला मोडकं सामान, एक मिणमिणता कंदील आणि वटवाघळं. संध्याकाळी कचेरीतून आलं की बोलायला माणूस नाही. ते वाचत बसत. एकटेपणाचा विसर पडावा म्हणून वाचत, आणि वटवाघळांच्या फडफडाटानं पुन्हा भानावर येत. अकराव्या दिवशी सकाळी पारशी लोकांचा घोळका काठ्या घेऊन आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगून गेला. शहरात ओळखीचे दोघं होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या परीनं नकार दिला. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठीबागेत बसून काढला.

त्या वेळी सेंट्रल लायब्ररी सात वर्षांची होती. देशोदेशीचे लोक ती पाहायला येत. त्या शहरात कोलंबिया विद्यापीठातून आलेला, बहुधा त्या घडीला बडोद्यातला सगळ्यात मोठा वाचक, वटवाघळांच्या खोलीत वाचत होता.

मी ते पान घेऊन आजीकडे गेले. कामाठीबाग आमच्या घरापासून फार लांब नाही. तिथल्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा पाहायला आम्ही दर सुट्टीत जायचो. मी मोठ्यानं वाचलं, घराच्या कायद्याप्रमाणे. आजीनं सगळं ऐकून घेतलं. मी विचारलं, तुम्हांला हे कुणी सांगितलं नव्हतं? ती म्हणाली, "कोण सांगणार? ज्यांनी दारं लावली ते सांगत नाहीत." मग थोड्या वेळानं, विचारलेलं नसताना, "आपल्याकडे आले असते तरी माईंनी ओट्यावरूनच परत पाठवलं असतं. मामंजींनीही." आजोबा समोर बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही, पण पानही उलटलं नाही.

त्यानंतर मी संखेड्याच्या पेटीविषयी तिला वेगळे प्रश्न विचारू लागले. ओसरीवर कोण कोण यायचं? वाणी यायचे, पाटीदार यायचे, मास्तर, पोस्टमन. खराद्यांची मुलं, लाखेच्या हातांनी पानं चिकटतील म्हणून लांबूनच पाहणारी. आणि गावाबाहेरच्या वस्तीतलं कुणी? आजीनं बराच वेळ आठवून पाहिलं. तिला एकही चेहरा आठवला नाही. पेटी सगळ्या गावासाठी होती, सरकारी कागदावर तसं लिहिलेलं असणार. पण ती ठेवलेली होती आमच्या पणजोबांच्या, आजीच्या वडिलांच्या, ओसरीवर.

१ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याची घरातली आठवण म्हणजे खानगी खात्यातल्या पणजोबांच्या हातचा किल्ल्यांचा जुडगा. कुठल्याशा कोठारांचे हिशेब मिटवून तो त्यांनी सुपूर्द केला, आणि पुढची दोन वर्षं कमरेला सवयीनं हात लावून पाहत राहिले. १९६० नंतर आम्ही गुजरातचे झालो. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, असं तर आधीपासूनच होतं; आता शाळाही हळूहळू दाराबाहेरच्या झाल्या. बडोद्यात १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलनं झाली होती. चौथं व्हायला २०१८ उजाडलं. त्या मांडवात माझ्या आजूबाजूला बसलेल्यांत निम्मे लोक एकमेकांशी गुजरातीत बोलत होते आणि टाळ्या मराठी कवितेला वाजवत होते. मला त्यात वाईट काही वाटलं नाही. आजीही असंच करायची.

कपाट आणलं वडिलांनी. बँकेत बढती मिळाली त्या वर्षी. सागवानी, काचेच्या दारांचं. त्यात पहिल्यांदा स्वतःच्या मालकीची पुस्तकं आली. ओळीनं लावलेली रियासतसुद्धा. आजोबांनी पहिला खंड हातात घेतला, उघडला, मिटला आणि जागेवर ठेवला. "आता आहेच घरात," म्हणाले. ती त्यांनी कधीच ओळीनं वाचली नाही. मला यातच सगळं आलंसं वाटतं. माझ्या स्वतःच्या घरी आता अशी चार कपाटं आहेत, आणि त्यांतलं निम्मंअधिक न वाचलेलं आहे. ते आहेच घरात. जे वाचून झालं ते बहुतेक कुणाकडून मागून आणलेलं, परत द्यायचं म्हणून रात्री जागून संपवलेलं. वाचकाला घडवायला पुस्तकं विकत घ्यावी लागतात, असं आम्हांला शाळेत शिकवलं. आमच्या घराचा अनुभव उलटा आहे. आजीला वाचक केलं ते तिच्या डोक्यावर लटकणाऱ्या त्या तारखेनं. आठ दिवसांत जे हातातून जाणार आहे, ते माणूस पाठच करून ठेवतो. नाहीतर वही करतो.

वाडा पाडायचा ठरला तेव्हा कपाटातली पुस्तकं वाटली गेली, काही पस्तीवाल्यानं किलोनं नेली. वहीवर मात्र आम्हां भावंडांत भांडण झालं. ती आता माझ्याकडे आहे, आणि धाकटा भाऊ अहमदाबादहून आला की ती उघडून बसतो.

वहीतली शेवटची नोंद आजीच्या अखेरच्या वर्षांतली आहे. अक्षर वाकडं, ओळ उतरणीला लागलेली. तिच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर कधीतरीची असावी. लिहिलंय: अक्षर फार बारीक. अर्धं झालं. उरलेलं धाकटा वाचून दाखवतो म्हणाला आहे, रविवारी. पुस्तकाचं नाव लिहायचं राहून गेलं आहे. भाऊ म्हणतो, ते नक्की ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ होतं, कारण त्या सुमारास तो आजीला तेच वाचून दाखवत होता. मी म्हणते, चिमणराव आजीला अर्ध्यावर सोडावा लागलाच नसता, ती त्याला डोळे मिटूनही पुरा करू शकत होती. मग कोणतं? तो ‘सरस्वतीचंद्र’वर येतो, मी म्हणते तिला रविवार पुरला नसता. वाचून दाखवलंस की नाही ते तरी सांग, असं विचारलं की तो चहा मागतो.